जन्मलेली किती, हयात किती

जनगणनेच्या घरयादीसाठी दारात आलेली मुलगी घामाघूम झाली होती. हातात मोबाइल, गळ्यात ओळखपत्र, खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणारी पाण्याची रिकामी बाटली. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत भल्याभल्यांना धाप लागते. मी तिला आत बसवलं, आधी पाणी दिलं, मग कोकम सरबत. एका शाळेत गणित शिकवते म्हणाली. भिंती कसल्या, छत कसलं, पाणी कुठून येतं, स्वयंपाक कशावर होतो, एकेक विचारत ती पडद्यावर बोट टेकवत होती. दहा-पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. ती उठली तेव्हा मी सहज विचारलं, "ही माहिती गुप्त राहते ना गं?" उत्तर मला ठाऊक होतं. पंधरा वर्षांपूर्वी जनगणनेची प्रगणक म्हणून, म्हणजे घरोघरची मोजणी करताना, कितीतरी दारांत उभं राहून मीच ते दिलेलं आहे. "हो काकू, एकदम गुप्त." आणि मग माझ्या तोंडून निसटलं, "किती वर्षं?" ती जरा थबकली. असं तिला आधी कुणी विचारलं नसावं. "कायमचीच की," म्हणाली, चपला घातल्या आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

कायमचीच.

त्या मुलीचं काही चुकलं नाही. शिकवलेलं तेच ती बोलली, आणि मनापासून बोलली. पण तो शब्द साडीत घुसलेल्या कुसळासारखा दिवसभर टोचत राहिला. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला गेले, कोपिनेश्वराच्या बाजूने वळून बाकावर टेकले, तरी डोक्यात तेच. एखादी गोष्ट सात पिढ्यांनीसुद्धा कुणाला कळू नये, असं वचन आपण कुणाच्या वतीने देतो?

खरं तर "किती वर्षं" हा प्रश्न माझा नाही, माझ्या लेकीचा आहे. ती मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तिने आणि जावयाने तिथे एक जुनं लाकडी घर घेतलं, त्याच वर्षी, म्हणजे २०२२ च्या एप्रिलमध्ये, एका पहाटे मला तिचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पिवळट पडलेला मोठा तक्ता, त्यावर तिरक्या, वळणदार अक्षरांत ओळीखाली ओळ. कडेला तिच्याच रस्त्याचं नाव, तिच्याच घराचा नंबर. १९५० च्या जनगणनेचा कागद होता तो. त्या वर्षी त्या घरात बेकरीत काम करणारा एक माणूस राहत होता, वय ४१, जन्म पोलंडचा. बायको, तीन मुलं आणि बायकोची आई. खाली लेकीने लिहिलं होतं, "आई, मी जिथे उभी राहून भांडी घासते ना, तिथेच ही बाई घासत असणार. मला तिचं नाव कळलं." मग थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. "तू भरलेले फॉर्म कधी उघडणार गं?"

तिकडे त्याचं गणित ठरलेलं आहे. १९५२ मध्ये त्यांचं जनगणना खातं आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांच्यात तसं ठरलं, १९७८ मध्ये कायदा झाला. घरोघरचे तक्ते ७२ वर्षं बंद, त्यानंतर सगळ्यांना खुले. १ एप्रिल २०२२ ला १९५० ची कपाटं उघडली, तीही हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्राकडून नावांची सूची करून घेऊन. कॅनडात ही मुदत ९२ वर्षांची. इंग्लंडात १०० वर्षांची, तिथली १९२१ ची पत्रकं जानेवारी २०२२ मध्ये लोकांच्या हाती आली. आयर्लंडमध्येही १०० वर्षं, आणि तिथल्या १९२६ च्या गणनेला शंभर वर्षं भरली ती यंदाच्याच एप्रिलमध्ये. तिथले लोक या उशिरावर चिडतात. ऐंशी वर्षांची माणसं म्हणतात, माझ्या आईचं लहानपण ज्या कागदावर आहे तो उघडेपर्यंत मी राहणार आहे का? त्यांचं म्हणणं मला पटतं. पण लेकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं, की आपल्याकडे चिडायलासुद्धा तारीख नाही. मी २०११ मध्ये भरलेले फॉर्म ७२ वर्षांच्या हिशेबाने २०८३ मध्ये उघडतील, शंभराच्या हिशेबाने २१११ मध्ये. आपल्या हिशेबाने कधीच नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं, की गणनेचं कुठलंही बुक, रजिस्टर, कागद बघण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि त्यातली नोंद कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाही. किती वर्षं, याचा त्यात उल्लेख नाही. त्याआधीच्या, इंग्रजांच्या काळातल्या गणनांचे घरोघरचे कागद तर तक्ते तयार झाल्यावर जपलेच गेले नाहीत. राहिली ती जाडजूड खंडांतली बेरीज.

त्या कलमावर रागावणं मला जमत नाही. त्याच्याच जोरावर मी दारोदार फिरले आहे. ९ ते २८ फेब्रुवारी २०११, सकाळी शाळा आणि दुपारनंतर गट. 'गट' म्हणजे प्रगणकाच्या वाट्याला आलेला तुकडा. आधी त्याचा नजरी नकाशा काढायचा, मंदिर, नळ, पिंपळ, पिठाची गिरणी दाखवायची, घरांना नंबर द्यायचे, मग एकेका कुटुंबाचं पत्रक भरायचं. २९ प्रश्न. लोक दारात चाचरायचे. रेशनकार्ड कापणार का, घर पाडणार का, नाव लिहून घेताय ते कशाला? मी म्हणायची, दादा, हे पोलिसाला दाखवत नाहीत, टॅक्सवाल्याला नाही, कोर्टालासुद्धा नाही. तेवढं ऐकलं की चेहरे सैल पडायचे. कुणी खाटेवरचे कपडे बाजूला करून बसायला जागा द्यायचं, कुणी चहा टाकायचं. त्या वचनाची किंमत मी डोळ्यांनी पाहिली आहे. ठाणे जिल्हा तेव्हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला, एक कोटी दहा लाखांहून जास्त. त्या आकड्यात आम्हा प्रगणकांचे पाय आहेत, आणि लोकांनी दाराआड न लपता दिलेली उत्तरं आहेत.

एका घरात एक आजी होत्या, नव्वदीच्या. नवऱ्याचं नाव विचारलं तर मान खाली. पुन्हा विचारलं तर पदर तोंडाला लावला. शेवटी नातू आतून ओरडला, "अगं, सांग ना उखाण्यात!" आणि घरभर हसू पिकलं. आजींनी खरोखरच उखाणा घेतला, दोन ओळींचा, थरथरत्या आवाजात, आणि नाव आलं तसे डोळे भरून आले. तो माणूस जाऊन तीस वर्षं झाली होती. बऱ्याच वर्षांनी मी कायदा नीट वाचला तेव्हा कळलं, की त्या आजींना गप्प बसायचा पूर्ण अधिकार होता. कलम ८ मध्ये लिहिलेलं आहे, घरातल्या बाईमाणसाचं नाव सांगायची सक्ती कुणावर करता येणार नाही, आणि नवऱ्याचं, मेलेल्या नवऱ्याचं किंवा रूढीने जे नाव घ्यायचं नसतं ते सांगायची सक्ती कुठल्याही बाईवर करता येणार नाही. सरकारी कायद्यात ही तरतूद आहे हे वाचून मला आधी फार बरं वाटलं. केवढी ही जाण! मग हळूहळू दुसरी बाजू दिसायला लागली. घरातल्या बाईचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. मोजली गेली म्हणजे झालं.

माझ्या पणजीचं नाव मला माहीत नाही.

आजीचं माहेर खाडीपलीकडचं, घणसोलीच्या बाजूचं. आता तिथे टॉवर आणि रुंद रस्ते आहेत, पण आजीच्या बोलण्यात भातशेती असायची, बांधावरचा वाल, आणि वारा फिरला की मिठागरावरून येणारा ओल्या मिठाचा वास. "आईला सात झाली, चार जगली," हे ती इतक्यांदा सांगायची की ते वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं. त्या सातांतल्या चौघांची नावं आम्हाला पाठ होती. उरलेल्या तिघांची कुणालाच नाही. आणि त्या आईचं? माझ्या वडिलांनी एकदा विचारलं तेव्हा आजी दचकलीच. "आईचं नाव कुणी घेतं का रे?" म्हणाली. ती तिला आईच म्हणायची. गाव थोरल्या मुलाच्या नावाने, त्याची आई म्हणून हाक मारायचं. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, त्याआधीचं माहेरचं नाव तर आणखीनच खोल बुडालं. आजी गेली तेव्हा ती दोन्ही नावं तिच्याबरोबर गेली.

मी हिशेब केला आहे. १९३१ च्या खानेसुमारीच्या रात्री आजी साधारण सहा वर्षांची असणार. तेव्हा सगळ्या देशाची मोजणी एका रात्रीत पक्की करायची पद्धत होती. चांदणं असेल अशी रात्र बघून ठरवायचे. १९३१ ची ती रात्र २६ फेब्रुवारीची. भात कधीच घरात आलेलं, ओटीवर कंदील, मोजणीदार पेन्सिल घेऊन बसलेला, आत माजघराच्या अंधारात माझी पणजी, तिच्या मांडीवर कदाचित त्या तिघांपैकी एखादं. तो विचारतो, घरात माणसं किती? पणजोबा सांगतात. पुढे त्या नोंदी चिठ्ठ्यांवर उतरल्या, धर्माप्रमाणे वेगवेगळ्या चिठ्ठ्या, मग त्या हातांनी वेगळ्या करून मोजल्या आणि बेरजा खंडांत छापल्या. जातींची पूर्ण मोजणी त्या वर्षी झाली ती शेवटची, म्हणून आजही वादावादीत १९३१ चा दाखला निघतो. टीव्हीवर कुणी १९३१ म्हटलं की माझ्यासमोर तो कंदील येतो. त्या कागदावर तिचं नाव लिहिलं होतं की नुसतं 'बायको' म्हणून काम भागवलं होतं, एवढं तरी कळलं असतं.

नाव शोधायचा प्रयत्न मी केला आहे. २०२३ च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि ज्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षं कुणी फिरकत नव्हतं तिथे रांगा लागल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. एका तहसील कचेरीत ओळखीने मीही गेले. जातीचा पुरावा मला नको होता, पण तिथे 'पणजीचं नाव हवंय' असं सांगितलं तर कुणाला समजेना. कारकून म्हणाला, "मॅडम, कुठल्या दाखल्यासाठी?" मी म्हटलं, कशासाठीच नाही. मग त्याने चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि का कोण जाणे, कोतवाल बुकाचं, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं, एक लाल फडक्यातलं बाड काढून दिलं. पानं इतकी ठिसूळ की उलटताना कडा भुग्यासारख्या खाली पडायच्या. कसर लागलेली, आणि एक दमट, आंबूस वास. सोबतच्या मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी तासाभराने बोट ठेवलं. पणजोबांचं नाव, गाव, तारीख, जात. आणि पुढे, 'मुलगी'. एवढंच. नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं, त्यामुळे जन्मलेल्या पोरीला नाव नाही, आणि आईचं नाव लिहायची तिथे रीतच नव्हती. ती मुलगी माझी आजी होती की न जगलेल्यांपैकी एक, हेसुद्धा सांगता येईना. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं. शाई अजून काळीभोर होती.

जन्म-मृत्यूची बुकं, शाळेचे दाखले, सात-बारा, फेरफार, आपल्या माणसांचा माग काढायला आपल्याकडे एवढंच. जमीन होती तो सापडतो, शाळेत गेला तो सापडतो. जिच्या नावावर जमीन नव्हती आणि जी शाळेत गेली नाही, ती कुठे शोधायची? घराघरात जाऊन प्रत्येक माणसाची नोंद घेणारी एकच यादी असते, आणि नेमकी तीच आपण कायमची बंद ठेवतो.

आता २०११ मधल्या त्या बाईबद्दल लिहायला हवं. इतका वेळ मी ते टाळते आहे.

वस्तीचं नाव सांगणार नाही. वागळे इस्टेटच्या अंगाला होती, एवढंच. गणनेत कळलेलं बाहेर सांगणं हा प्रगणकासाठी गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा आहे. मला ते मान्यही आहे. म्हणून घर, माणसं, आकडे, दिवस, सगळं मी इकडचं तिकडे केलं आहे. तिने स्वतः हे वाचलं तरी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाटेल. माझ्या मनातून जे जात नाही तेवढंच तसंच ठेवलं आहे.

नवरा खाटेवर बसून उत्तरं देत होता. चांगला माणूस, आवाज न चढवणारा. ती कोपऱ्यात मटार सोलत होती. पत्रकाच्या शेवटाला बायकांसाठी प्रश्न असतात. आज हयात असलेली मुलं किती, मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. आजवर जिवंत जन्मलेली किती, त्यातही मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. नवरा म्हणाला, "दोन मुलगे. दोन्ही आहेत देवाच्या दयेने." मी मुलींच्या चौकटीत शून्य आणि मुलग्यांच्या चौकटीत दोन लिहिलं, त्याची सही घेतली आणि पुढे गेले. चार घरं झाल्यावर सार्वजनिक नळाशी ती मला गाठायला आली. कमरेवर हंडा होता. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाली, "बाई, मघाचं ते... मुलगी एक लिहा." मला आधी कळलंच नाही. "पहिली. ह्या घरात यायच्या आधीची," ती म्हणाली. मी विचारलं, कुठे आहे ती? "दिली," म्हणाली. एवढंच. हंडा नळाखाली लावून ती उभी राहिली. आणि मला पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं, कारण पत्रकात दोन चौकटी होत्या. जन्मलेली एक, हे झालं. हयात? मी तो शब्द उच्चारला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. हंडा भरून वाहायला लागला. पाणी आमच्या दोघींच्या पायांवरून गटाराकडे चाललं होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हयात लिहा."

मी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर पत्रक ठेवलं, दोन्ही शून्यांवर काट मारून दोन्हीकडे एक लिहिला. "कुणाला कळणार नाही ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कधीच नाही. कायमचं गुप्त राहतं हे."

मग लेक विचारते, फॉर्म कधी उघडणार, आणि मला तो नळ आठवतो. उघडावेत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

माहिती बाहेर पडली की काय होतं हे आपल्याला परक्या देशांतून शिकायला नको. १९९२-९३ च्या त्या दोन महिन्यांत मुंबईत कितीतरी जणांनी दारावरच्या नावाच्या पाट्या उतरवून ठेवल्या होत्या. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने उतरवली. पाटी काढलेल्या जागी भिंतीचा रंग वेगळाच दिसत होता आणि त्यावर त्यांनी कॅलेंडर लावलं होतं. नाव आणि पत्ता एका ओळीत असणं जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत १९४२ मध्ये युद्धाच्या कायद्याने जनगणनेची गुप्तता बाजूला ठेवली आणि ती माहिती जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून छावण्यांत टाकायला वापरली गेली. म्हणजे सरकारने दिलेलं वचन सरकारनेच मागे घेतलं. आम्सटरडॅममध्ये २७ मार्च १९४३ च्या रात्री तिथल्या प्रतिकारकर्त्यांनी शहराची लोकनोंदणी कचेरीच पेटवून दिली, नाझींना ज्यूंची घरं सापडू नयेत म्हणून. कागद जपायला आयुष्य घालवणारी माणसं मी पाहिली आहेत, पण त्या रात्री कागद जाळणाऱ्यांनाही मी नमस्कारच करीन.

तरीही एक गोष्ट मला सोडवत नाही. इंग्लंडात १९११ च्या गणनेत लग्न झालेल्या बायकांना अगदी हाच प्रश्न होता. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, त्यांतली हयात किती, गेली किती. प्रश्न फक्त सवाष्ण बायकांसाठी, विधवांनी जागा रिकामी सोडायची होती. पण कितीतरी विधवांनी ती भरली. मोजणी करणाऱ्यांनी त्यावर काट मारली, तरी काटेखालचे आकडे आज वाचता येतात. विचारलेलं नसताना, नियमात बसत नसताना त्या बायकांनी ते का लिहिलं असेल? आणि ती पत्रकं उघडली कशी, हेही बघण्यासारखं आहे. माहिती अधिकारात कुणीतरी भांडून ती मुदतीच्या आधी, २००९ मध्ये खुली करून घेतली. पण आजारपण आणि व्यंगाची चौकट, आणि तुरुंगात जन्मलेल्या मुलांची माहिती, एवढं झाकून ठेवलं होतं, ते थेट २०१२ मध्ये दाखवलं. कागद उघडायचा पण त्यातलं दुखरं तेवढं आणखी काही वर्षं झाकायचं. हे जमतं. त्यांच्या १९३९ च्या नोंदवहीत तर अजून हयात असू शकतील अशांच्या ओळींवर काळ्या पट्ट्या आहेत, वरची-खालची शेजारीण दिसते, मधली नाही.

आणि न जपलेलं कसं कायमचं जातं, तेही तिथेच दिसतं. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची सगळी पत्रकं डिसेंबर १९४२ मध्ये एका गोदामाला लागलेल्या आगीत गेली. युद्ध चालू होतं, पण ती आग बॉम्बची नव्हती. १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे १९२१ नंतर थेट १९५१, आणि ती उघडणार २०५२ मध्ये. माझी आजी ज्या रात्री सहा वर्षांची होती, त्याच वर्षीच्या तिथल्या सहा वर्षांच्या पोरींचाही पत्ता नाही. त्यांचे कागद आगीने खाल्ले. आपले, काम झालं म्हणून गेले.

ऑस्ट्रेलियाने वेगळीच वाट काढली. तिथे आपल्यासारखंच, नावानिशी असलेले फॉर्म नष्ट करायचे. २००१ मध्ये त्यांनी फॉर्मवर एक प्रश्न वाढवला: तुमची माहिती ९९ वर्षं बंद ठेवून मग खुली केली तर चालेल का? हो म्हणाल तर ठेवतो, नाहीतर नाही. निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले. मला यातला विचारण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. २०२७ च्या आपल्या गणनेत जात पुन्हा मोजली जाणार, कागद जाऊन मोबाइल आले, ज्याला हवं त्याने स्वतःच माहिती भरायची सोय झाली. इतकं सगळं करता येतं, तर हा एक प्रश्न का नाही? तोपर्यंत कोर्ट नको, पोलीस नको, दाखल्यासाठी वापर नको, कलम १५ ची भिंत शंभर वर्षं अभेद्य असू दे. पण शंभर वर्षांनी, जेव्हा लाजायला आणि घाबरायला कुणी उरलेलं नसेल, तेव्हा एखाद्या पणतीला पणजीचं नाव सापडू दे. आणि ज्या बाईला तेही नको असेल, तिने नाही म्हणावं, तिचं पान पुसून टाकावं. माझा हा आग्रह आहे, आणि घरयादीला आलेल्या त्या गणिताच्या शिक्षिकेला मी जिन्यात गाठून तो सांगितलासुद्धा. ती म्हणाली, "काकू, ॲपमध्ये तसा पर्याय नाही." खरंच होतं ते. पण दोन पायऱ्या उतरून ती पुन्हा वर वळली आणि म्हणाली, "माझ्या पणजीचं नाव मलाही माहीत नाही."

मी त्या नळावरच्या बाईला हा प्रश्न विचारला असता तर ती काय म्हणाली असती? रात्र रात्र मी दोन्ही उत्तरं ऐकली आहेत. कधी ती हंडा उचलते आणि म्हणते, फाडून टाका बाई तो कागद. मला तिचं तेही पटतं. पण मग त्या दुपारचं राहिलेलं आठवतं. मी पत्रक घडी करून पिशवीत टाकायला निघाले होते, तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "कुठे लिहिलंत?" म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण शिवणकामाच्या नगांचे हिशेब ती ठेवायची, आकडे कळायचे. मी पत्रक पुन्हा टाकीवर पसरलं आणि दाखवलं, ही मुलींची चौकट, जन्मलेल्या, आणि ही हयात. तिने हात पदराला पुसला, तरी बोट ओलंच होतं. ते तिने दुसऱ्या चौकटीच्या अगदी कडेशी टेकवलं, शाई फिसकटू नये म्हणून जपून. "हा एक?" मी म्हटलं, "हो, हा." बोट तिथेच होतं. नळ तसाच वाहत होता, कुणीतरी गल्लीतून ओरडलं, पाणी बंद करा गं. मग तिने हंडा उचलला आणि मागे न बघता गेली. कागदावर पाण्याचा एक गोल डाग राहिला. ओलं पत्रक स्कॅनला चालणार नाही म्हणून मी ते शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली पट्टी ठेवून वाळवलं. गठ्ठा जमा केला तेव्हा त्या पानाची तेवढी जागा सुकून किंचित वर आली होती.